बावीस गाठींची दोरी

पंडित घर बघायला निघायचा तेव्हा खिशात पैसे नेत नसे, दोरी नेत असे.

जळगावच्या एका जिनिंगमध्ये तो कापूस तोलायचा, त्यामुळे अंदाजावर त्याचा विश्वास नव्हता. मागच्या श्रावणात साक्रीला थोरल्या भावाकडे, नानांकडे, कानबाई बसली होती. वर्षातून एकदा भाऊबंद असे देवीपुढे जमतात आणि रोटाचं जेवण एका पंगतीत जेवतात. पंगत बसलेली असतानाच पंडितने तिच्या पाठीमागून सुंभाची दोरी लावली, माणसागणिक गाठ मारली. बावीस गाठी भरल्या. मग "पुढला साल कानबाई मना घर," असं तो सगळ्यांदेखत बोलून बसला.

घर नव्हतं. भाड्याची एक खोली होती, आणि तिच्यात देवी बसली असती तर पंडितला बाहेर उभं राहावं लागलं असतं.

गाठीला चाळीस हजार होते. तेवढ्यात काय बसतं ते दाखवायला हाशमभाई होता. तो पिंप्राळ्यातली घरं दाखवायचा, आणि घरात काय नाही ते गिऱ्हाईक विचारेपर्यंत सांगायचा नाही.

पहिलं घर वस्तीच्या पार टोकाला होतं. पुढची खोली लांबलचक, वर पत्रे. पंडितने दोरी भिंतीकडेने फिरवली. बावीस गाठी मावून वीतभर जागा उरली.

"भाऊ, घर बघताय की मंगल कार्यालय?" हाशमभाई म्हणाला.

पंडितची बायको मंजुळाबाई आत फिरून आली. "नळ कुठे शे?"

"मारुतीच्या पारापाशी. हा काय, जवळच."

ती चालत गेली आणि चालत आली. "चारशे वीस पावलं," एवढंच म्हणाली. हंडे भरलेले असते तर ती जास्त झाली असती, हे तिने सांगितलं नाही. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. लग्नात तो तसा नव्हता.

दुसरं घर दोन छोट्या खोल्यांचं. किंमत तेवढीच. मोरीत पितळी तोटीचा नळ होता. पंडित दोरी सोडू लागला. नवव्या गाठीला भिंत आली. तो दोरी गुंडाळत म्हणाला, "जमाव नही."

मंजुळाबाईने नळ सोडला होता. पाणी तळहातावरून मनगटावर, मनगटावरून बांगड्यांत उतरत होतं. ती झोपल्या लेकराकडे पाहावं तशी त्याच्याकडे पाहत होती.

"कानबाई कितला दिन ऱ्हास?" तिने विचारलं.

"रईवारे येस, सोमवारे जास."

"आन मी?"

पंडितने या प्रश्नाचा आधी विचार केला नव्हता. "आपीन शब्द देयेल शे," तो म्हणाला.

"दोरी आन इकडे." तिने ती ओल्या हाताने उलगडली. "हाई कोन?"

"नाना."

"हाई?"

"तोताराम." अशी एकेक गाठ तिने विचारली, त्याने एकेक नाव सांगितलं. बावीसही झाली.

"मनी कोनती?"

पंडितने दोरी उलट्या टोकाकडून पाहिली. तीत मंजुळाबाईची गाठ नव्हती. "तू पानीले गयेल व्हती," तो म्हणाला.

"भागाबाई?" भागाबाई म्हणजे नानांची बायको.

"तीबी."

हाशमभाई छताकडे पाहू लागला. छत चांगलं होतं.

दुसरंच घर घेतलं. दोरी मागच्या दारी कपडे वाळत घालायला लागली. गाठींमुळे वाऱ्याने कपडे सरकत नसत.

श्रावणात भाऊबंद साक्रीहून आले. नानांनी उंबऱ्यातूनच खोली पाहिली. "घर नही, डबा शे," म्हणाले. नऊ माणसं आत, बाकीची गल्लीत, जिनिंगमधून आणलेल्या ताडपत्रीखाली. भागाबाईने सवयीने हंडा कमरेवर घेतला आणि विहीर कुठल्या अंगाला ते विचारलं. मंजुळाबाईने नळ दाखवला. भागाबाईने तो सोडला, बंद केला, परत सोडला, आणि हंडा भरेस्तोवर गुणगुणत राहिली:

कानबाई माय उनी, तिले पाट मी मांडसू,
घरना नळनं पानी तिना पायवर सांडसू.

हंडा भरला. आता दोघींना जायला कुठे नव्हतं, म्हणून त्या पंगतीला बसल्या.

पंडितने माणसं मोजली. चोवीस भरली. त्याने पुन्हा मोजली. नाना म्हणाले, "भात बरोबर शिजाडा, माणसं चुकाडी."

जेवणं झाल्यावर तो मागच्या दारी गेला. लुगडी बाजूला सारून त्याने दोरीच्या टोकाशी आणखी दोन गाठी मारल्या. दोरी ओली होती. ओल्या सुंभाची गाठ लवकर बसत नाही. त्याला जरा वेळ लागला.