चावी देण्यापुरती जागा

सकाळी उठल्यावर ती आधी खिडकी उघडे, मग दूध तापत ठेवी आणि ते वर येईपर्यंत ओटा पुसून घेई. दूध उतरवलं की हात कोरडे करून पुढच्या खोलीत जाई आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबी. आजही तिने तेच केलं. फरक एवढाच, की आज खुर्चीवर इस्त्रीचे कपडे आणि परीक्षेचं ओळखपत्र ठेवलेलं होतं.

पुढची खोली म्हणजे तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. परदेशी लेकीकडे कायमचं राहायला जायचं, तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा देणं भाग होतं. म्हणून दोघांसाठी त्याने हे पाठ स्वतःच्या आवाजात भरून ठेवले होते. तो इंग्रजी शब्द उलटसुलट सांगे, उत्तरासाठी जागा सोडी आणि मग नीट लावलेलं वाक्य म्हणे. जागेचं माप त्याने आपल्या धंद्यातूनच काढलं होतं. एका मनगटी घड्याळाला पूर्ण चावी देऊन होईल, तेवढी जागा. त्यामुळे प्रत्येक जागेत चावीची बारीक करकर ऐकू येई.

"डोअर. ओपन. आय."

करकर सुरू झाली.

"आय ओपन द डोअर," ती म्हणाली. करकर थांबली, आणि त्याने तेच वाक्य म्हटलं.

नणंद चहाचा कप घेऊन दारात उभी होती. "जितेपणी आमचा दादा चार शब्द धड बोलला नाही, आणि आता रोज सकाळी शिकवणी."

"तुम्हीही बसा की, वन्सं."

"मला आपल्या भाषेतलंच भांडण अजून पुरतंय."

ती हसली, पण तिचं लक्ष टेपकडे होतं. पूर्वी मधेच काही कामासाठी ती आत धावली, तर पाठ तिच्यावाचून पुढे निघून जाई. अलीकडे ती परत येई, तेव्हा करकर चालूच असे. तिने उत्तर दिल्यावरच तो पुढे बोले. कानांचा दोष असेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं. मात्र पाठ पक्का झाला नाही, असं सांगून तिने दोनदा परीक्षा टाळली होती. आता टाळली, तर पुन्हा अर्ज घेणार नव्हते. लेकीने तसं स्पष्टच सांगितलं होतं.

पुढच्या शब्दांनंतर ती मुद्दाम गप्प राहिली.

करकर चालू राहिली. नणंदेचा चहा निवला. भिंतीवरची घड्याळं केव्हाची बंद पडलेली होती; खोलीत तेवढा एकच आवाज होता.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "एवढी चावी कुठल्या घड्याळात मावते?"

तिने टेपचं राहिलेलं वाक्य म्हटलं. करकर तत्काळ थांबली.

"अलोन. गो. डोन्ट," नवऱ्याचा आवाज म्हणाला.

सगळी टेप तिला तोंडपाठ होती. हे शब्द तीत नव्हते.

"काय म्हणतोय दादा?"

"एकटी जाऊ नकोस म्हणतायत."

"मग?"

"वाक्य पुरं केलं, तर पुढचं देतील. नाही केलं, तर वाट बघत बसतील. दोन्हीकडून मी इथेच."

ती आत गेली. कपडे बदलून केस विंचरत असताना पुढच्या खोलीतली करकर एकसारखी ऐकू येत होती, न घाई करता, त्याच्या नेहमीच्या सवडीने. बाहेर येऊन तिने टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. तो माणसाच्या मनगटाइतका ऊबदार होता.

"पुरे आता," ती म्हणाली. "बोटं दुखतील तुमची."

तिने बटण दाबलं. करकर लगेच थांबली नाही. आणखी दोन-तीन वेढे झाले, मग ती थांबली. तिने कॅसेट काढली. दुरुस्त होऊन मालकाची वाट पाहणारी घड्याळं तो ज्या खणात ठेवी, त्या खणात ती ठेवली आणि खण लावला.

"मी येऊ सोबत?" नणंदेने विचारलं.

"नको. दूध तेवढं झाकून ठेवा, वन्सं."

ओळखपत्र पर्समध्ये घालून तिने चपला चढवल्या, दार मागे ओढून घेतलं आणि ती परीक्षेला निघाली.