दारफाळणीच्या आधी

मालनबाईंच्या घरात बारा माणसं जेवायची, आणि दुसरी भाकरी कुणी मालनबाईंच्या तोंडाकडं पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. अशा घरात चार वर्षांची नात ताटावर बसून म्हणते, "थांब आजी, आधी ज्याच्याकडं डबा नाही त्याचा घास काढ. बाई म्हणतात." मालनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाई म्हणजे हन्नाबाई दिघोडकर. देवळाली कॅम्पात आपल्या पडवीत बालवाडी चालवायच्या. जातीनं ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, बोलणं चोख मराठी. नवरा वारलेला, मुलं इस्राएलला गेलेली. सून सुवर्णानं हट्टानं निकिताला तिथं घातलं, तेव्हा मालनबाई मनात म्हणाल्या, बरं झालं, झेंडूच्या खुडणीत पोर पायात येणार नाही. पण पोर पायातून गेली ती हातातूनच गेली.

"आजी, आज शुक्रवार. बाई सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवतात आणि आशीर्वाद देतात. बाईंचे हात कसले मऊ आहेत गं!"

"असतील न्हाय तर काय! कधी खुरपं धरलंय का तिनं?" म्हणत मालनबाईंनी आपली झेंडूनं काळी पडलेली बोटं पदराखाली घेतली.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण नवरात्र बसलं त्या आठवड्यात शेजारची चंद्रभागा नळावर हसत म्हणाली, "तुमची निकी लय गोड बोलती बरं का! म्हनती, मला दोन आज्या हायेत. बाई पयली, घरची दुसरी."

दुसरी! मालनबाईंना हंडा जड झाला. सकाळी निकी दप्तर अडकवून उभी राहिली, तर त्या म्हणाल्या, "ठेव ते. तुझ्या बाईनंच निरोप धाडलाय. निकीला पाठवू नका, मला नको ती."

पोर रडली असती तर मालनबाईंनी तिला पोटाशी धरलं असतं. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं. पण पोर रडलीच नाही. ओट्यावर बसून बोटं मोजत राहिली. संध्याकाळी आली आणि हळूच म्हणाली, "आजी, मी राजला घसरगुंडीवर ढकललं, म्हणून का गं?"

"असंल," मालनबाई म्हणाल्या. म्हटल्या क्षणी जीभ कडू झाली, पण शब्द सुटला होता.

चौथ्या दिवशी, दसरा तोंडावर आलेला, अंगणात झेंडूचे ढीग, सासू-सुना माळा ओवत होत्या. फाटकातून हन्नाबाई आल्या आणि उभ्यानंच हात जोडले.

"मालनबाई, माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

एवढी शिकलेली बाई आपल्या दारात हात जोडून! मालनबाईंना गुदगुल्या झाल्या. "बसा की. काय झालं एवढं?"

"उद्या संध्याकाळपासून आमचा दारफाळणीचा सण. दार लावून, दिवसभर उपास करून देवाची माफी मागायची. पण माणसाचं मन दुखवलं असेल तर ते देव माफ करत नाही. त्यासाठी त्या माणसाकडंच जावं लागतं. दर वर्षी मी पोरांचीही मागते. तुमची निकी तेवढी राहिली." आणि त्या गुडघे टेकून निकीपुढं बसल्या. "निकी, मी कधी उगाच रागावले असेन, तर माफ कर हं."

निकीनं मान वर केली नाही. "तुम्हीच ना म्हणालात, मला नको ती? मी राजला ढकललं म्हणून. आता नाही ढकलणार."

सुवर्णाच्या हातातली सुई थांबली. हन्नाबाईंनी मालनबाईंकडं पाहिलं. निरोप चुकीचा आला, चंद्रभागेनं सांगितला, असं तयार उत्तर मालनबाईंच्या ओठावर होतं. पण पोर अजून म्हणत होती, "खरंच नाही ढकलणार."

"त्या न्हाय म्हनल्या," मालनबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं. खोटं."

"का गं?"

"तू तिला पयली म्हनली म्हनून."

निकीनं विचार केला. "मग माफी मागायची असते."

सासूपुढं कधी वाकली नाही ती बाई! मालनबाईंनी चूळ टाकावी तसं "चुकलं" म्हटलं. निकीनं मान हलवली. नाही.

"आमच्यात तीनदा विचारतात," हन्नाबाई हळूच म्हणाल्या.

"तीनदा? तुमच्यात सोपं काय हाय का न्हाय?"

पण त्यांनी मांडीवरची माळ बाजूला ठेवली, नातीचा हात धरला, आवाज खाली आणला. "निकी, आजी चुकली. लय चुकली."

निकीनं हात सोडवून घेतला आणि हन्नाबाईंच्या कुशीत तोंड घालून रडू लागली. हन्नाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोर मालनबाईंची, रक्त मालनबाईंचं, आणि आसवं मात्र दुसरीच्या पदरात.

त्या उठल्या, लुगडं झटकलं.

"सुवर्णे, सकाळी पोरीला तयार करून ठेव. शाळेत मीच सोडती," आणि हन्नाबाईंकडं वळून म्हणाल्या, "तिसऱ्यांदा वाटंत इचारीन. तवा तरी तुमी मधी नसाल."