त्या दुपारची सिरिंज

नवरात्रातली दुपार होती. टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरायला मृणालची आई डोंबिवलीहून ठाण्याला आली आणि जाता जाता लेकीच्या हॉस्पिटलात डोकावली. मृणाल तिथल्या औषध विभागात होती. काचेपलीकडे, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, ती झोपेच्या इंजेक्शनच्या सिरिंजा भरत होती. आईने काचेवर टिचकी मारली नाही. गाभाऱ्यासमोर थांबावं तशी पर्स पोटाशी धरून थांबली.

मृणाल बाहेर आल्यावर आईने विचारलं, हे आधीच भरून कशाला ठेवायचं? मृणालने सांगितलं, अतिदक्षता विभागात घाईच्या वेळी नर्सला औषधाची काचेची कुपी फोडत, मोजत, मिसळत बसावं लागू नये म्हणून. बहुतेक सिरिंजा वॉर्डात जातात. थोड्या मागे ठेवायच्या, काही फ्रिजमध्ये, काही कपाटात, आणि अधूनमधून एकेक काढून बघायची, गढूळली का, जोर उतरला का. त्यावरून कळतं त्या किती टिकतात.

"म्हणजे झोपेचं औषध जागं आहे का, ते बघता तुम्ही," आई म्हणाली. "बरी नोकरी आहे हो."

मृणालचा सहकारी सुशांत इतका हसला की चहा सांडला. आईने उपास म्हणून त्याचा वडा नाकारला, पण बशी जवळ ओढून वास तेवढा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या छातीत कळ आली. मृणालने तिला आपल्याच हॉस्पिटलात आणलं. दुपारपर्यंत फुप्फुसांत पाणी भरलं, श्वास पुरेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, नळी घालावी लागेल, त्यासाठी झोपवतो. काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या. नर्सने सिरिंज आणली. लेबलवर कालची तारीख आणि खाली मृणालची सही.

आई तिच्याकडेच बघत होती. मृणाल वाकली.

"हाताला थोडं गार लागेल," ती म्हणाली. "फ्रिजमधलं आहे."

आईने बरं म्हणून मान हलवली. मग पापण्या मिटल्या, त्या मिटल्याच. दोन दिवसांनी सगळं संपलं.

मृणाल खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. तिने कागदपत्रं केली, मावशीला सावरलं, तेराव्यानंतर कामावर आली. फक्त फ्रिज उघडला की तिचा हात तिथेच रेंगाळायचा. आतल्या पांढऱ्या उजेडात त्या दुपारच्या सिरिंजा आडव्या निजलेल्या असायच्या. तिला वाटायचं, ती दुपारच इथे ठेवलेली आहे, चहाच्या डागासकट, वड्याच्या वासासकट, जराही न नासलेली. स्वप्नातही तो फ्रिज यायचा. त्याचं दार उघडलं की आत डोंबिवलीचं घर असायचं, आई पाठमोरी, नळाखाली हात धरून. पाणी गार आहे गं, ती म्हणायची, आणि वळायच्या आत मृणाल जागी व्हायची.

तपासणीसाठी एकेक सिरिंज जात राहिली. चैत्र लागला तेव्हा एकच उरली होती. तिच्या तपासणीचा दिवस उलटून आठवडा झाला, तरी मृणाल दुसरीच कामं काढत होती.

"मृणाल, ती शेवटची," सुशांत दबकत म्हणाला. "मी करू का?"

"नको. माझी आहे ती."

तो बाहेर गेला आणि त्याने दार हलकेच ओढून घेतलं. मृणालने सिरिंज दिव्याखाली धरली, आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या. एक कण नाही. आता तिच्यातलं औषध तपासणीच्या यंत्रात घातलं की त्या दुपारचं काहीच मागे राहणार नव्हतं. सिरिंज बोटांना गार लागत होती. ती मुठीत धरून मृणाल उभी राहिली, ऊब चढेपर्यंत. खिडकीतलं ऊन ओट्यावरून सरकत तिच्या मनगटापाशी आलं, आणि कुणीतरी समोर पडून आपल्याकडे बघतंय, अजून मान हलवलेली नाही, असं तिला वाटलं.

ती वाकली.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "जाऊ नकोस ना गं."