बर्लिनचे अष्टप्रधान

नीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती ऐन पाडव्याच्या दिवशी, आणि तीही पोटच्या पोरापायी.

पोरगा म्हणजे परीक्षित. कंपनीतली चांगली नोकरी सोडून त्यानं गाझियाबादेत इंदिरापुरमच्या नव्या फ्लॅटची एक खोली अडवली होती आणि तिथं बसून तो बोटाएवढी प्लास्टिकची माणसं रंगवायचा. परदेशातले हौशी लोक इंटरनेटवरून फर्माइश करायचे, हा तशी माणसं करून पाठवायचा. कुणाला क्रिकेटपटू हवा, कुणाला नवरानवरी. नीलाला कौतुकच होतं. तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली ढकललेल्या बाईला पोरगा स्वतःच्या हातानं काही घडवतोय याचंच अप्रूप!

दिवाळीत नातीनं, स्वानंदीनं, बाराव्या मजल्याच्या बाल्कनीत किल्ला केला. माती नर्सरीतून पोत्यानं आणली. शिवाजी महाराज पुण्याहून आले होते, पण त्यांचे आठ मंत्री काही आले नव्हते, आणि गाझियाबादेत ते मिळणार कुठं? "पप्पा, मला अष्टप्रधान पाहिजेत, बिल्कुल आठच," म्हणून पोरगी हटून बसली. परीक्षितनं कपाटातून एक खोका काढून दिला. आत आठ माणसं. कोट, टाय, चष्मे, काखेत फाइल. नीलानं कणकेच्या पगड्या वळून रंगवल्या आणि एकेकाच्या डोक्यावर बसवल्या.

आता खरं सांगायचं तर, तिनं डोळे मिटून काही बसवल्या नव्हत्या. प्रत्येकाच्या तळाला बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती तिनं भिंग लावून वाचली होती. नाव, हुद्दा, बर्लिन, १९४२. परीक्षितला विचारलंही होतं.

"हिटलरच्या सरकारातले अधिकारी गं, सेक्रेटरी लेव्हलचे," तो म्हणाला. "बघ ना, बंदूक एकाच्याही हातात नाही."

सेक्रेटरीला बंदूक लागत नाही, सही पुरते, हे न कळायला नीला काही दूधखुळी नव्हती. पण पोरगी रुसली होती, चकल्या तळायच्या राहिल्या होत्या. जाऊ दे झालं, पगड्या घातल्यावर कुणाला कळतंय!

कळलं. सिपोराला कळलं.

सिपोरा किहीमकर अलिबागकडची, मराठी ज्यू. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये बावीस वर्षं नीलाच्या वरच्या मजल्यावर राहिलेली. नीलाला ऑफिसात उशीर झाला की परीक्षितला जेवू घालायची, पाढे घ्यायची, झोपवायची. लायब्रेरियन म्हणून निवृत्त होऊन फरीदाबादला गेली, तरी दर पाडव्याला दोन बस बदलून यायचीच. नीलाला सख्खी बहीण नव्हती. जी काय होती ती हीच.

स्वानंदी तिला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेली. "सिपोराआजी, हे बघ अष्टप्रधान!"

सिपोरा कौतुकानं वाकली. तिनं एक प्रधान उचलला तशी त्याची पगडी निखळून पडली. तिनं त्याला उलटा करून तळाचं वाचलं. मग दुसऱ्याचं वाचलं. तिसरा तिनं उचललाच नाही.

"परीक्षित, हे तू केलेस?"

"हो मावशी. सगळ्यात जास्त मागणी यांनाच आहे. फिनिशिंग बघ ना."

"कोण आहेत, ठाऊक आहे तुला?"

"हिस्टरी आहे मावशी. मी फक्त रंगवतो." सिपोरानं हातातला प्रधान खाली ठेवला, तसा तो चिडला. "आणि तुला काय एवढं? तुम्ही लोक तर कोकणातले. तुमच्या केसालाही इथं कुणी धक्का लावला नाही."

"नाही लावला," सिपोरा म्हणाली. "शेजार चांगला होता."

तिनं फराळाच्या ताटाला हातही लावला नाही. पर्स उचलली आणि गेली.

मग मात्र नीलाचा तोल सुटला. "मेल्या, लाज कोळून प्यायलास का? जिच्या हातचं खाऊन वाढलास, तिला तोंड वर करून विचारतोस, तुला काय एवढं? चुलीत घाल तुझा तो धंदा!"

"अच्छा! आणि पगड्या कुणी घातल्या?"

नीला ऐकायला थांबली नाही. अनवाणीच लिफ्टमधून खाली धावली. फाटकाशी सिपोरा ऑटोत बसत होती.

"सिपोरा, थांब गं! त्याला सोलून काढते बघ मी! तू अशी जाऊ नकोस."

सिपोरानं तिचा हात धरला. "तू कशाला लावून घेतेस जिवाला? तुला कुठं ठाऊक असणार! ठाऊक असतं तर तू घरात तरी ठेवले असतेस का?"

खरं बोलली तर ही बाई पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नव्हती, हे तिला लख्ख दिसत होतं. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि संताप आता कुणाचा येतोय हेही तिला कळत होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "मला कुठलं ठाऊक!"

सिपोराला रडू फुटलं. "मला वाटलंच. एक तू आहेस म्हणून येते गं मी. आता पुढच्या पाडव्याला तूच ये माझ्याकडे." ऑटो गेली.

वर परीक्षित आठही जणांना गोळा करून खोक्यात भरत होता. त्याचं तोंड उतरलं होतं.

"काय म्हणाली मावशी? तिला सांगितलंस ना, तुलाही माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे सगळं माझ्या एकट्यावर ढकलून आलीस?"

"हो," नीला म्हणाली. "आणि तिनं पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन."