मागच्या माइकमधला आवाज

आसेगावचे रंगराव वैभवीच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात शिरले ते खुर्ची रुमालाने झटकूनच बसले. मंगरूळपीरच्या बसस्थानकामागे धुळीला तोटा नाही, म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही. तिने चहा पुढे केला. डॉक्टरने चहा बंद केलाय म्हणून त्यांनी कप तसाच राहू दिला आणि पिशवीतून एक जुनी डिस्क काढली.

"आमच्या आंगणातल्या भजनाची हाय. सोमवारी मंदिराचा कळस हाय पोरी. भोंग्यावर तुया मायचा आवाज लावाचा हाय. टाळ-मुरदुंग नको, निस्ता तिचा गळा काढून दे."

वैभवीच्या हातापायांत बळ आलं. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिच्या आईचा, रुपाबाईचा, आवाज बसला तो बसलाच. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते. अख्ख्या आसेगावला वेड लावणारा तो गळा पुन्हा ऐकायला मिळेल, एवढंच तिला कळलं. जाताना रंगरावांनी समोरच्या टपरीवर मजेत चहा घेतला. म्हाताऱ्यांची पथ्यं अशीच, म्हणून ती हसली.

तसा रंगरावांच्या घराबद्दल तिला लहानपणापासून अभिमान होता. तिथे तिच्या आईच्या नावाचा पेला होता! स्टीलचा, मशीनने 'रुपाबाई' असं नाव टाकलेला. नाव टाकलेली भांडी लग्नात भेट देतात, मानाच्या माणसाला देतात. एवढ्या मोठ्या घरात आईच्या नावाचा पेला आहे, हे वैभवीने शाळेत सगळ्यांना ऐकवलं होतं.

दुपारी ती कामाला बसली. भजनाच्या वेळी नागपूरहून आलेल्या माणसाने पाच माइक लावले होते: एक आईपुढे, दोन टाळ-मृदंगापाशी आणि दोन मागे, स्वयंपाकघराच्या दारापाशी. ऐकणाऱ्याला चहूबाजूंनी भजन ऐकू यावं म्हणून. टीव्हीवर लावलं की सगळ्याचा एकच गदारोळ व्हायचा, मागचं काही कळायचं नाही. वैभवीने ती डिस्क आधी संगणकावर उतरवली आणि मग एकेका माइकची फाइल सुटी केली. आईची फाइल लावली. काय आवाज तो! ती डोळे पुसत बसली.

खरं तर काम तिथेच संपलं होतं. पण आईला सगळंच ऐकवू म्हणून तिने मागच्या माइकची फाइलही लावली. लांबून आईचा अभंग, आणि अगदी जवळून रंगरावांचा आवाज, घरातल्या कोणाला तरी सांगत होता.

"नाव पाहून दे. नावाचा पेला तिचा. आपल्यात मिसळू देऊ नको. वरून पाणी टाक, आन् तिलेच धुवू दे आंगणात. पोरीलेबी त्यातच दे."

वैभवीने पुन्हा लावलं. पुढे आई विठ्ठलाला आळवत होती आणि मागे हा माणूस पेले वेगळे करत होता. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, तो हाच. तिला शिसारी आली. त्या पेल्यातून आपण मिरवत मिरवत पाणी प्यायलो, या आठवणीची तर जास्तच. टेबलावर सकाळचा कप तसाच होता, वर साय धरलेला. तिने तो मोरीत ओतला आणि झटकलेल्या खुर्चीकडे पाहत राहिली.

घरी तिने आईला विचारलं. रुपाबाई भाजी निवडत होती. मान वर न करता कुजबुजली, "मले मालूम होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुले लय अभिमान होता त्या पेल्याचा, बाई. कसं सांगू?"

रंगराव ठरल्या दिवशी आले. वैभवीने चहा विचारला नाही. मागच्या माइकची ती फाइल लावली. निदान मान खाली जाईल, असं तिला वाटलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी! रंगराव कौतुकाने ऐकत राहिले.

"माहाच आवाज हाय. केवढा सपष्ट! तवाची रीतच तशी होती पोरी, मनावर घेऊ नको. आन् मायले सोमवारी घेऊन ये. तो पेला म्या फेकला नाई, जपून ठेवला. घासून ठेवाले सांगतो."

निर्लज्जम् सदासुखी. पाल अंगावर पडावी तसं वैभवीला झालं. जपून ठेवला म्हणे! वर उपकार!

तिने संगणकाकडे वळून त्यांच्यासाठी भरून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरची एक फाइल पुसली आणि डिस्कसकट तो टेबलावर ठेवला.

"हे घ्या. टाळ हाय, मुरदुंग हाय, मागचे माइक हायेत. मायचा निस्ता गळा नाई."

"काहून? तोच तं पाह्यजे होता!"

"तुमीच सांगतलं ना, आपल्यात मिसळू देऊ नको म्हून. म्या वेगळा काढला. तो आता आमच्या घरी राहीन."

रंगरावांनी पेन ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. "मंग कळसाले भोंग्यावर लावू काय?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच लावा," वैभवी म्हणाली. "सपष्ट हाय."