रेघा नसलेला अंगठा

"अंगठ्याच्या रेघा पुसल्या त माणूस बदलते काय, साहेब?"

हा प्रश्न जिशाननं एका बँकेच्या खिडकीपाशी विचारला होता. साहेबांनी मागच्या माणसाचा कागद ओढून घेतला. मला मात्र तो प्रश्न पाठ आहे, कारण माझं सगळं आयुष्य अंगठ्यांखाली गेलं. मी शाईचा पॅड आहे, घुग्घुसच्या एका लहानशा पतसंस्थेच्या टेबलावरचा.

नागपूरच्या कारखान्यात पत्र्याची चपटी डबी कापली, आत जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, बसवला, वर पातळ कापड ताणलं आणि मी झालो. संस्थेचे सचिव लटारूभाऊ मला एसटीनं इथे घेऊन आले. दर शनिवारी ते मला जांभळ्या शाईचे चार थेंब पाजत आणि झाकण लावताना म्हणत, "पी बाबू, उद्या सुट्टी हाय."

माणसांची एक गंमत सांगतो. माझ्यावर अंगठा टेकला की लगेच तो पुसायला ती जागा शोधतात. बाया केसांना पुसतात, ट्रकवाले भिंतीला. भिंत जांभळी झाली तेव्हा लटारूभाऊंनी खिळ्याला चिंधी टांगली. चिंधी अजून कोरी आहे.

अंगठ्यावरून मला माणसाचं काम कळतं. खाणीतला अंगठा खरखरीत असतो, भेगांतून कोळसा बसलेला. सिमेंटची पोती उचलणाऱ्याचा मात्र गुळगुळीत. सिमेंट कातडी खातं, हळूहळू रेघाही खातं. नूरुद्दीनचा अंगठा तसा होता. जिशान त्याचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, नूरनंच त्याला वाढवलं. जिशान चौथीतून शाळा सोडून टायर पंक्चरच्या दुकानात लागला. नूरनं त्याला सिमेंटच्या गोदामात कधी पाऊल टाकू दिलं नाही.

सत्त्याण्णव साली नूर स्वतःचेच पैसे काढायला बँकेत गेला, तर अंगठा जुन्या कार्डाशी जुळेना. खातेदार असलेला कुणी ओळखीला आणा, असं साहेब म्हणाले. दोघे भाऊ दिवसभर दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिले. कुणी थांबलं नाही. तेव्हाच जिशाननं तो प्रश्न विचारला, काचेवर मूठ मारली, आणि चौकीदारानं दोघांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दोघे नूरचं खातं उघडायला आमच्याकडे आले. जिशान अजून धुसफुसत होता, सगळं त्याच्याच तोंडून मी ऐकलं. नूरनं लाजत लाजत माझ्यावर अंगठा टेकला आणि कागदावर उमटवला. लटारूभाऊंनी कागद उजेडात धरला.

"नूरभाई, हा त निर्रा डाग हाय."

नूरची मान खाली गेली. लटारूभाऊंनी डागाच्या बाजूला लिहिलं, 'रेघा नाहीत. माणूस ओळखीचा.' खाली सही ठोकली. पुढची तीन वर्षं तो डागच नूरची खूण होता.

मग गोदामात पोत्यांची थप्पी नूरच्या अंगावर कोसळली.

त्या दुपारी जिशान धावतच आत आला. नूरच्या नावाची पैसे काढायची पावती भरून आणली होती, तिच्यावर त्यानं अंगठा दाबला. भाऊ गेल्याचं कळलं तर पैसे अडकतील, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. अंगठा टेकताच मी ओळखलं. लटारूभाऊंनीही पावती उजेडात धरली.

"जिशान, हा अंगठा नूरचा नाई. याले रेघा हायेत."

जिशाननं मला उचलून भिंतीवर फेकलं. माझ्या झाकणाला पडलेला पोचा तेव्हाचाच. मग तो खाली बसला आणि कसंबसं एवढंच म्हणाला, की कफन आणायचं आहे.

पोलिसांना बोलवा, असं एक सभासद म्हणाला. लटारूभाऊंनी पावती फाडून खिशात घातली. "कफनाले अंगठा नाई लागत, बाबू," ते म्हणाले. सभासदांच्या मदतनिधीतून पैसे काढले, शटर ओढलं, आणि त्याच्यासोबत चालत गेले.

नूरच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि ठेकेदारानं भरपाई दिली. नूरची बायको खैरुन, तिच्या कडेवर लहानगी उमेरा, चंद्रपूरहून आलेला तिचा भाऊ शहबाज आणि जिशान, सगळे आमच्या टेबलाशी बसले. नूर गेल्यावर मायलेकींना त्या भरपाईचाच आधार होता. शहबाजचं म्हणणं होतं, की पैसे बँकेत जिशानच्या नावानं ठेवावेत, बहीण अनपढ आहे, आणि पतसंस्था आज आहे, उद्या नाही.

"बुडली त?" त्यानं विचारलं.

"त मी कुठी पळू? माह्यं घर इथून वीस पावलं हाय," लटारूभाऊ म्हणाले. "अन् खैरुनबाई सभासद झाली का तिचं एक मत, माह्यंही एकच. भरसभेत माही कॉलर धरू शकते."

"मी इथीच बसली हावो," खैरुन म्हणाली. "मले बी विचारा कोणी."

जिशाननं भाभीकडे पाहिलं. मग उमेराच्या मामाकडे, शहबाजकडे वळला. "बँकेत माह्या भावाचा खरा अंगठा कोणी वळखला नाई. इथी त्याच्या नावाचा खोटा अंगठा पकडला. अजून काय पाह्यजे, मामू?"

खैरुननं हो म्हटलं. शहबाजनं चहा संपवून कप बाजूला सारला.

आता संस्थेत संगणक आहे. बहुतेक लोक सही करतात, शाळेत जाणारी उमेराही आईसोबत येऊन ऐटीत करते. माझा नमदा कडक झालाय, मी खालच्या खणात असतो. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं, की झिजल्या अंगठ्याचा कुणी दारात उभा दिसला, तर कार्ड शोधण्याआधी त्याचं नाव विचारा.

खैरुननं हो म्हटलं त्या दिवशी तिच्या सभासदत्वाच्या अर्जावर ओळख देणारा सभासद हवा होता. लटारूभाऊंनी पेन उचललं. जिशाननं त्यांचा हात धरला. सकाळीच स्वतःच्या मजुरीतून संस्थेचा एक भाग, म्हणजे शेअर, घेऊन तो सभासद झाला होता, आणि दुपारच्या बसनं गडचिरोलीकडे पुलाच्या कामावर निघणार होता. पोचा पडलेलं झाकण त्यानं हळूच उघडलं, अंगठा माझ्यावर टेकवला, आणि भाभीच्या नावाखाली दाबून धरला. भावानं सिमेंटपासून राखलेली रेघन् रेघ कागदावर उमटली.