लपलप, सळसळ, खळखळ

कमरुद्दीनच्या बायकोची, शहरबानूची, पक्की समजूत होती की बोटीतून येतो म्हणून त्या फोनला 'बोटीम' म्हणतात. कॉल करायच्या त्या ॲपचं नाव तसं का आहे, हे कमरुद्दीनलाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यानं तिला कधी दुरुस्त केलं नाही. दुबईच्या खाडीत या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी अब्रा तो एकतीस वर्षं चालवत होता. मोबाईल हाती आल्यापासून रोज साडेअकराला धक्क्याला बोट लावून, पॅसेंजर भरेपर्यंत तो घरी फोन करी. जयगडच्या खाडीकाठी शहरबानू आधी डिझेल इंजिनाची धडधड ऐके, आणि मग दोघं ओरडत.

"जेवलीस का?"

"काय?"

"जेवलीस का म्हणतो!"

वीस पॅसेंजर गालात हसत. इतक्या वर्षांचा संसार हा असा घसा ताणून झाला होता. घसा ताणून माणूस काय बोलणार? जेवण, औषध, छपराची कौलं. त्याच्या पुढचं काही चारचौघांत ओरडून सांगता येत नाही.

यंदा कंपनीनं बोट विजेवर करायला घेतली. ते काम करायला सुहासिनी आली. मूळची पुण्याची इंजिनियर, राहायला दुबईतल्याच डिस्कव्हरी गार्डन्सला. साखळीच्या कप्पीनं इंजिन वर उचललं गेलं तेव्हा कमरुद्दीन तळाशी हात लावून उभा होता. खालची फळी तेल पिऊन पिऊन काळी झाली होती आणि अजून कोमट होती. जुन्या दोस्ताला वाटेला लावताना होतं तसं त्याला झालं, आणि हे त्यानं कुणापासून लपवलं नाही.

"चाचा, बॅटऱ्या दोन्ही बाजूंना सेम ठेवल्यात. बॅलन्स परफेक्ट," सुहासिनी म्हणाली.

"वीतभर पुढे घ्या मॅडम. ही बोट मागून खाली बसते."

तिनं लॅपटॉपमध्ये पाहिलं, मग बोटीकडे पाहिलं आणि बॅटऱ्या वीतभर पुढे घेतल्या.

पण ट्रायलच्या दिवशी चाचांनी माती खाल्ली. सुपरवायझर हम्माद धक्क्यावर उभा होता. कमरुद्दीननं किल्ली फिरवली आणि सवयीनं पायाखालच्या थरथरीची वाट पाहिली. काही नाही. मोटर चालूच झाली नाही असं समजून त्यानं लिव्हर पुरती पुढे ढकलली. चालू असलेली बोट अशी उसळली की धक्क्याचे टायर किंचाळले आणि सुहासिनीचा चहा तिच्याच ड्रॉइंगवर सांडला.

"कमर, खलास!" हम्माद म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्यामुळे पुढचं त्यानं हळू सांगितलं. "कल सुबह एक बार और। नहीं हुआ, तो तिकीट के गेट पे बैठना।"

त्या दिवशी साडेअकराला कमरुद्दीननं घरी फोन केला नाही. काय सांगणार होता? पाण्यावरचा माणूस उद्यापासून गेटवर बसून कार्डं तपासणार, हे?

दुपारी बांधलेल्या बोटीत तो अनवाणी पडून राहिला. उन्हानं डोळे मिटले. खाडी संथ होती, पलीकडच्या मशिदीचा मिनार पाण्यात वाकडातिकडा होत होता, आणि कमरुद्दीन झोपेच्या नि जागेपणाच्या मध्ये कुठेतरी तरंगत होता. कानाशी फळी होती. फळीखाली पाणी बोलत होतं: लपलप, लपलप. आणि मग तो नऊ वर्षांचा होता. बापाच्या शिडाच्या होडीत कान टेकवून पडला होता, आणि बाप सुकाणूवरून विचारत होता, "काय म्हणतंय रे पाणी?" "सळसळ, बाबा!" "मग बरोबर आहे. खळखळ झालं की सांग, शीड सैल करू." जयगडच्या खाडीत वेग असाच मोजत. इंजिन नव्हतंच तिथे, मग ऐकायला दुसरं काय होतं?

एकतीस वर्षं त्या धडधडीखाली हे पाणी बोलतच होतं की काय, असं वाटून त्याला भरून आलं.

सुहासिनी बॅटरी तपासायला आली तेव्हा तो उठून बसला होता. "मॅडम, मीटरवरचे ते टक्के मला कळत नाहीत. लपलप म्हणजे उभी. सळसळ म्हणजे चालली. खळखळ म्हणजे जास्त झालं."

तिला हसू आलं, पण थट्टेचं नव्हे. "चाचा, हे बेस्ट आहे." तिनं पांढरी टेप काढली, बोट दोनदा फिरवायला लावली, दोघांनी कान देऊन ऐकलं, आणि लिव्हरशेजारी मार्करनं तीन शब्द लिहून चिकटवले.

सकाळी हम्माद स्वतः बोटीत बसला. कमरुद्दीननं किल्ली फिरवली, थरथरीची वाट पाहिली नाही, डोळे अर्धवट मिटून ऐकलं. सळसळ. बोट खाडीवरून सरकली ती साखरझोपेत कूस बदलावी तशी. दोन सीगल पुढ्यातून उडायचंही विसरले. पलीकडच्या धक्क्याला टायर लागला तो नुसता टेकला.

हम्मादनं टेपवर बोट ठेवलं. "ये क्या लिखा है?"

"अपने गाँव का मीटर है, साब।"

"यल्ला, कल से पॅसेंजर," हम्माद म्हणाला आणि उतरला. सुहासिनीही अंगठा दाखवून त्याच्यामागे गेली.

साडेअकरा झाले होते. कमरुद्दीननं फोन लावला.

"हॅलो!" शहरबानू ओरडली. तिला धडधड ऐकू येत नव्हती. "बोट कुठे आहे? काल फोन नाही, आज इंजिन नाही... तुमची नोकरी गेली ना? खरं सांगा."

त्यानं फोन पाण्याजवळ धरला.

शहरबानूही त्याच खाडीची लेक होती. "लपलप," ती कान देऊन म्हणाली. "उभी आहे बोट. तुम्ही बोटीतच आहात."

"बोटीतच आहे. विजेवर चालते आता. ओरडू नकोस, सगळं ऐकू येतंय."

जेवण, औषध, कौलं यांतलं काही आज कमरुद्दीनच्या तोंडात येईना. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"तुझी फार आठवण येते," तो अगदी हळू म्हणाला.

पलीकडे तिच्या बांगड्यांची किणकिण थांबली, तेही त्याला ऐकू आलं.

"काय?" शहरबानू न ओरडता म्हणाली.

तिला ऐकू आलं होतं, हे त्याला कळलं. त्यानं तितक्याच हळू पुन्हा सांगितलं.